पदवी कुणी मानायची?

रणनीतीच्या संगणकीय खेळांचे नियम लिहिणं हा माझा व्यवसाय, आणि तो मी बंगळुरूत करतो. आमच्या क्षेत्रात ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ या २०१३ सालच्या स्वीडिश खेळाचा दबदबा अजून आहे. खेळ १४४४ साली सुरू होतो. दख्खनच्या नकाशावर बहामनी आणि विजयनगर समोरासमोर उभे असतात. राज्यांचे दर्जे तीन: सरदारकीच्या तोडीची डची, मग राज्य, मग साम्राज्य. मुलूख वाढवा, त्याचा विकास करा, दर्जा वर चढतो. राजाची पदवी बदलते आणि भोवतालचे सगळे दरबार त्याच क्षणी ती मान्य करतात.

ही सार्वत्रिक मान्यता मला पटत नाही. नियम असा का केला, हे मी समजू शकतो. खेळाडूला चढायला पायऱ्या दिसाव्या लागतात आणि संगणकाला हिशेबासाठी एक आकडा पुरतो. पण आपल्याकडे पदवी हा दोन दरबारांमधला व्यवहार होता, आणि त्याचे दाखले मी राहतो त्या शहरापासूनच सुरू होतात.

१६३८ साली रणदुल्लाखानाच्या आदिलशाही फौजेनं केंपेगौडांच्या घराण्याकडून बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त त्यांचा दरबार भेटतो: अनेक भाषांतले कवी, विद्वान, राजाला शोभेल असा थाट. कागदोपत्री मात्र ते विजापूरचे सरदार. १६४८ साली जिंजीच्या वेढ्यात त्याच विजापूरनं त्यांना कैद केलं. या माणसाला कोणता दर्जा द्यायचा? बंगळूरच्या कवीला विचारलं तर एक उत्तर मिळेल, विजापूरच्या कारकुनाला विचारलं तर दुसरं, आणि मला नियमात दोन्ही हवी आहेत.

शिवाजी महाराजांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी धारदार होतो. १६६८ साली औरंगजेबानं त्यांना ‘राजा’ हा किताब दिला. म्हणजे पदवी होती, पण देणारा वर बसलेला होता. ६ जून १६७४ला रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हा त्या दिवशी नकाशावर एक गावही वाढलं नाही. किल्ले, खजिना, आरमार सगळं आधीचंच. बदललं ते हे की आता पदवी देणारा वर कुणी उरला नाही. काशीच्या परंपरेतले गागाभट्ट, नवा शक, छत्रपतींच्या नावाचं नाणं, अष्टप्रधान. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन नजराणा घेऊन हजर राहिला आणि त्यानं करार करून घेतला. मुघलांनी ते छत्रपतिपद मानलं नाही. एकच पदवी, एकाच वर्षी, एका दरबारात चलनी आणि दुसऱ्यात नाकारलेली. मला हा आपल्या इतिहासातला सर्वांत धाडसी राजकीय निर्णय वाटतो, आणि खेळात तो केवळ आकडा भरल्यावर उमटणाऱ्या सूचनेसारखा येऊ नये.

पेशव्यांकडे उलटं चित्र दिसतं. १७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या. विस्तारावरून दर्जा ठरवला तर पुण्याला साम्राज्याचा मुकुट मिळायला हवा. पण पेशवा मुख्य प्रधानच राहिला. शाहू महाराजांनंतर सातारच्या गादीच्या हाती सत्ता फारशी उरली नव्हती, तरी पेशवाईची वस्त्रं तिथूनच येत. पुढे १७९२ साली महादजी शिंद्यांनी पुण्यात दरबार भरवून पेशव्यांना बादशहाची ‘वकील-इ-मुतलक’ ही पदवी अर्पण केली. तो बादशहा शाहआलम स्वतः शिंद्यांच्या संरक्षणाखाली होता! दुबळ्या गादीकडूनही पदवी घ्यावीशी वाटते, कारण ती बाकीच्या दरबारांत चालते.

आणि टिपू. हैदरअलीनं म्हैसूरच्या वोडेयारांची गादी नावाला राखली होती. टिपूनं स्वतःला पादशहा म्हणवून घेतलं आणि इस्तंबूलला ऑटोमन सुलतानाकडे वकिलात पाठवली. शेजारी ते कबूल करीनात. १७८७ साली गजेंद्रगडच्या तहात खंडणी आणि किल्ल्यांसोबत त्याला काय म्हणायचं याचाही निवाडा झाला: पुणे दरबारानं त्याला ‘नबाब टिपू सुलतान फत्तेअली खान’ म्हणावं. पादशहा नाही.

या तहावरूनच मी सध्याच्या मसुद्यात एक नियम घातला आहे. प्रत्येक राज्याच्या नोंदीत पदवीचा एक आकडा नसून एक तक्ता आहे: कोणता दरबार आपल्याला काय म्हणतो. तहाच्या वाटाघाटीत मुलूख, खंडणी, कैदी यांच्या रांगेत ‘संबोधन’ हे स्वतंत्र कलम आहे. खेळाडू एखादा किल्ला सोडून ‘पादशहा’ म्हणवून घेऊ शकतो, किंवा ‘नबाब’वर समाधान मानून किल्ला राखू शकतो. चाचणीत संगणकाचे दरबार अजून किल्ल्यालाच जास्त किंमत देतात. ती बदलण्यावर सध्या काम चालू आहे.