कुठला बेल्ट?

माझा धंदा दुसऱ्यांचे हिशेब तपासण्याचा. पतसंस्था, दूध संस्था, एखाद-दुसरी पाणीपुरवठा संस्था. कोल्हापूर जिल्ह्यात अशा संस्थांना तोटा नाही, त्यामुळे मलाही कामाचा तोटा नाही. अडीचशे रुपयांच्या चहापाण्याला व्हाउचर नसेल तर मी सचिवाला अर्धा तास उभा करतो. आणि तोच मी, सव्वाचार लाखांची सेकंडहँड डस्टर घेताना 'टायमिंग बेल्ट मागच्याच वर्षी बदललाय' एवढं ऐकून मान डोलावून मोकळा झालो. बिल मागितलं नाही. विकणारे निवृत्त प्राध्यापक होते, घरी बोलावून पोहे दिले होते, पोह्यांवर ओलं खोबरं होतं. अशा माणसाकडे बिल कसं मागायचं?

गाडी 2014 ची, डिझेल, 96 हजार किलोमीटर झालेली. पहिले चार महिने मी ती मजेत पळवली. माझी सासुरवाडी साखरप्याजवळ, म्हणजे आंबा घाट उतरून खाली. महिन्यातून एकदा तरी तो घाट होतोच.

मग एका दूध संस्थेच्या सचिवांची गाडी तवंदी घाटात बंद पडली. गाडी वेगळ्या बनावटीची, पण रोग टायमिंग बेल्टचाच. चढावर चौथ्या गिअरमध्ये होते, म्हणाले, काही आवाज नाही, धूर नाही, फक्त कुणीतरी चावी काढून घेतल्यासारखं झालं. परत स्टार्टर मारला तर इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भुर्र करून फिरलं. ते भुर्र त्यांनी आणखी तीन वेळा केलं. गॅरेजवाल्यानं नंतर सांगितलं की पहिल्या फटक्यातून जे वाचलं असेल ते या तीन वेळांनी घालवलं. हेड उतरवलं, वॉल्व्ह वाकलेले निघाले, गाडी महिनाभर गॅरेजात. सचिवांनी साठ हजारांच्या पुढचं बिल माझ्यासमोर ठेवलं. संस्थेच्या खर्चात नव्हे, दाखवायला म्हणून. "साहेब, तुटला कोण, तर दीड हजाराचा रबर."

त्या रात्री मला प्राध्यापकांचे पोहे आठवले.

हा रबर करतो काय, ते मी तोवर नीट समजून घेतलं नव्हतं. इंजिनात खाली क्रँक फिरतो, त्याच्यावर पिस्टन वरखाली होतात. वर हेडमध्ये कॅम फिरतो, तो वॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा बरोबर एक व्हायला हवा, ना कमी ना जास्त. हे गणित सांभाळतो तो दातेरी टायमिंग बेल्ट. इंजिन दोन हजार आरपीएमवर असलं तर प्रत्येक वॉल्व्ह मिनिटाला हजार वेळा उघडतो. कोल्हापूर ते साखरपा दोन तास धरले तर एक लाख वीस हजार वेळा, एका फेरीत, एकेक वॉल्व्ह. डिझेल इंजिनात पिस्टन पार वर आला की त्याच्या डोक्यावर जागाच उरत नाही, तेवढं दाबल्याशिवाय डिझेल पेटत नाही. त्या क्षणी वॉल्व्ह मिटलेला असला पाहिजे. बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, काही वॉल्व्ह उघडेच राहतात, आणि गाडीच्या वेगाने फिरत राहिलेला क्रँक पिस्टन त्यांच्यावर आपटतो. शिवाय माझ्या इंजिनात ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंपही कॅमवरच चालतो. आंबा घाटाच्या वळणावर इंजिन गेलं तर दोन-तीन दाबांनंतर ब्रेकचं पेडल दगड होणार, हेही याच अभ्यासात कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

शिवाजी उद्यमनगरात माझ्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. दोन्ही बाजूंना लेथ, समोर वेल्डिंग, मधे यांचं शेड. साठीला आलेले. चष्मा दोरीनं गळ्यात. मी सगळी हकिकत सांगितली. त्यांनी बॉनेट उघडलंसुद्धा नाही. एवढंच विचारलं, "बेल्ट बदललाय म्हणाले. कुठला?"

"टायमिंगचा."

"तुम्ही इचारलं टायमिंगचा का, का ते म्हणाले?"

मला आठवेना. इतकी वर्षं लोकांना उलटतपासणीत गाठलं, आणि स्वतःची साक्ष अशी.

त्यांचा हिशेब सरळ होता: लाख किलोमीटर किंवा सहा वर्षं, जे आधी होईल ते. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं. माझी गाडी वर्षांच्या हिशेबानं कधीच बाद झाली होती. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर यादी लिहून दिली: टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, बाहेरचा बेल्ट त्याच्या टेन्शनरसकट, क्रँकचा नवा बोल्ट, कुलंट. "बोल्ट कशाला?" मी विचारलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. हा बोल्ट ठरलेल्या जोराला आवळून वर आणखी काही अंश फिरवायचा असतो, त्यात तो ताणला जातो, एकदा ताणलेला परत वापरायचा नाही. वॉटर पंप या इंजिनात टायमिंग बेल्टवरच फिरतो. उद्या तो एकटा गळायला लागला तरी सगळं पुन्हा उघडायचं. माल दुसऱ्या दिवशी आला, बारा हजार आणि काही शे.

काम सुरू झालं ते सकाळी साडेनवाला. मी एक दूध संस्था पुढे ढकलून तिथे स्टूल टाकून बसलो होतो. उजवं चाक निघालं, आतलं प्लॅस्टिक निघालं, ऑइल चेंबरखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकवर इंजिन तोललं. आता फाउंडेशन काढायचं, म्हणजे इंजिन गाडीला ज्यावर टांगलेलं असतं ते. तिथे मिस्त्री थांबले. मोबाइलची बॅटरी लावली आणि मला हाक मारली.

"हे बगा."

बोल्टच्या डोक्यावरून खालच्या लोखंडावर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढलेली होती. काडीएवढी. धुळीखाली दबलेली, पण अखंड. कारखान्यात बोल्ट आवळून झाला की तपासणारा माणूस अशी खूण करतो. पुढे कुणी तो बोल्ट जरा जरी फिरवला की रेघ मोडते, वरचा तुकडा एकीकडे, खालचा दुसरीकडे. आणि फाउंडेशन काढल्याशिवाय या गाडीचा टायमिंग बेल्ट निघत नाही. सगळ्या बोल्टांवरच्या रेघा सरळ होत्या. म्हणजे कारखान्यातून निघाल्यापासून इथे पाना लागलेला नव्हता.

मी आयुष्यात पुष्कळ व्हाउचरं पाहिली, इतकं चोख एकही नाही.

मग मिस्त्रींनी बाहेरच्या बेल्टवर बोट ठेवलं. हा अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो. गाडीचा पंखा विजेवर चालतो तरी गॅरेजात याला फॅन बेल्टच म्हणतात. तो जवळजवळ नवा होता, वरची अक्षरं अजून पांढरी. "ह्यो बदललाय. बेल्ट बदललाय म्हणाले ते काय खोटं न्हाई." शेडमधला पोरगा हसला. मी हसलो नाही. नवा असला तरी मिस्त्रींनी तो परत चढवला नाही. बाहेरचा बेल्ट उसवला की त्याचे धागे क्रँकच्या पुलीमागून आत शिरतात आणि टायमिंग बेल्टच्या दातांत जाऊन अडकतात, असे दोन हेड त्यांनी स्वतः उतरवले होते.

पुढचं काम बघण्यासारखं होतं. काही गॅरेजांत जुना बेल्ट काढण्याआधी पुलीवर, बेल्टवर पांढऱ्या रंगाचे ठिपके देतात आणि नवा बेल्ट ठिपक्याला ठिपका जुळवून घालतात. मिस्त्रींना त्याचा राग. आधीच एक दात चुकलेला असला तर तीच चूक तुम्ही नव्या बेल्टवर नक्कल करता, असं त्यांचं म्हणणं. (संस्थांच्या ताळेबंदात मागच्या वर्षीची शिल्लक अशीच पुढे ओढतात, पण ते जाऊ दे.) त्यांच्याकडे या इंजिनाच्या दोन पिना होत्या, तेल लावून फडक्यात गुंडाळलेल्या. एक इंजिनच्या ब्लॉकमध्ये आटे फिरवून बसवायची, क्रँक हळूहळू फिरवत आणला की त्या पिनेला येऊन टेकतो, पुढे जात नाही. दुसरी कॅमच्या पुलीतल्या भोकातून आरपार हेडमध्ये. दोन्ही बसल्या की वरचं वर आणि खालचं खाली कुलूपबंद.

जुना बेल्ट त्यांनी माझ्या हातात दिला. मी उलटा केला, ताणला, वाकवला. एक भेग नाही, दात साबूत. खरं सांगतो, माझ्या मनात आलं की उगीच बारा हजार घातले. मिस्त्रींनी ते ओळखलं असावं. म्हणाले, आत काचेच्या धाग्यांची दोरी असते, ती थकली तरी रबर बोलत नाही, दिसत नाही म्हणून तर वर्षं मोजायची.

पंप, टेन्शनर, बेल्ट चढला. टेन्शनर एलन कीनं फिरवून त्याचा काटा खुणेवर आणला. पिना काढल्या. मला वाटलं आता चावी मारणार. नाही. क्रँकच्या बोल्टला लांब पाना लावला आणि मिस्त्रींनी इंजिन हातानं फिरवायला घेतलं, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, उलट कधीच नाही. सगळं शेड गप्प. समोरच्या लेथवाल्याचा आवाज तेवढा येत होता. कुठे काही अडलं तर ते हाताला कळतं, स्टार्टरला कळत नाही. पूर्ण दोन फेरे झाले. मग कॅमची पिन परत भोकाशी नेली. ती बोटानं ढकलली आणि सहज आत गेली. तेव्हा कुठे त्यांनी चहा सांगितला.

कुलंट भरायला, हवा काढायला आणखी तास गेला. नळाचं पाणी घालू दिलं नाही, डिस्टिल्ड वॉटरचे कॅन मलाच आणायला पाठवलं. संध्याकाळी इंजिन पहिल्या फटक्याला लागलं.

त्या रात्री मी प्राध्यापकांना फोन केला. जरा तिरक्या सुरातच सांगितलं की बेल्ट बदललेला नव्हता. ते दुखावले. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सअॅपवर त्यांच्या जुन्या गॅरेजच्या बिलाचा फोटो आला. जपून ठेवलं होतं त्यांनी, मागितलं असतं तर पोह्यांबरोबर दिलं असतं. 'बेल्ट, 1 नग, 1150. मजुरी 400.' चारशे रुपयांत इंजिनचं फाउंडेशन कुणी उतरवत नाही. नुसता मजुरीचा आकडा बघितला असता तरी मला कळलं असतं. गॅरेजवाला बेल्ट म्हणाला, सरांनी टायमिंग बेल्ट ऐकला. मी फोन करून माफी मागितली.

मिस्त्रींचे पैसे द्यायला गेलो तर ते गाडीखालून बाहेर येत होते. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर त्यांनी पांढऱ्या पेंटनं नवी रेघ ओढली होती, पिवळीच्या शेजारी. मी बिल मागितलं. त्यांनी हात पुसले, पोराच्या शाळेची वही काढली, पान फाडलं, चष्मा लावून लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं. वर तारीख, गाडीचा नंबर, किलोमीटर. खाली पहिल्याच ओळीत: 'बेल्ट, 1.'