दोन कुप्या

चौलच्या दत्ताच्या यात्रेला मी लहानपणापासून जात आलो आहे. मार्गशीर्षी पौर्णिमेपासून पाच दिवस टेकडीच्या पायथ्याशी दुकानांची नुसती दाटी होते. चौल हे ग्रीक खलाशांनाही ठाऊक असलेले प्राचीन बंदर; तेव्हा अत्तरे आणि मसाले या भूमीला नवे नव्हेत! परंतु यंदा दोन कुप्यांपायी मी तेथे तासभर खोळंबलो.

पहिल्या पगारातून आजीसाठी अत्तर घ्यावे, असे मी योजिले होते. आजीला आता दिसत नाही. लुगडे नेले तर ती चाचपून "छान आहे हो" म्हणेल. पण ते माझे मन राखण्यासाठी. वास मात्र तिचा तिला घेता येईल.

अत्तरवाल्या चाचांनी पहिला फाया दिला तो सोनचाफ्याचा. पिकल्या फळासारखा गोड, उबदार! हुंगताच आमचे नागावचे अंगण डोळ्यांपुढे उभे राहिले. विहिरीजवळचा आमचा चाफा 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळात मुळासकट आडवा झाला. त्या दिवशी श्रीवर्धनपासून अलिबागपर्यंत नारळी-पोफळीच्या बागाच्या बागा झोपल्या. तेथे एका चाफ्याची दाद कोण घेणार? आजी मात्र कित्येक दिवस पहाटे परडी घेऊन दारापर्यंत जाई आणि परत फिरे.

दुसरा फाया हिन्याचा. हिना म्हणजे मेंदीचे फूल, अशी माझी समजूत. चाचा हसले. "ते गुलहिना, बेटा. ह्यात लवंग, वेलदोडा, जायफळ, जटामांसी असा सारा मसाला आहे. तांब्याच्या डेगेत उकळायचा आणि वाफ चंदनाच्या तेलात उतरवायची. हे थंडीचे अत्तर." मला आजोबांचा लोकरी कोट आठवला. थंडीत त्यांच्या कानात हिन्याचा फाया असे.

खिशात पैसे एका कुपीपुरतेच. चाचा म्हणाले, "दोन मनगटांवर दोन्ही लावा आणि दर्शन करून या. अत्तर घाईने घेऊ नये."

पायऱ्या उतरेपर्यंत चाफा विरून खाली चंदन तेवढे उरले होते. हिना उन्हाने नि घामाने अधिकच गडद झाला होता. जो टिकतो तो घ्यावा, असे म्हणून मी हिना घेतला. खरे सांगायचे तर चाफा हुंगताना आजीचा चेहरा पाहण्याचे मला धैर्य नव्हते.

घरी आजीने कुपी नाकाशी धरली. "अगबाई, ह्यांचा हिना!" ती किती तरी वेळ हसत होती. मग तिने माझा दुसरा हात ओढून मनगट हुंगले.

"आणि हा चाफा रे कुठे फुलला?"

यात्रेचे अजून तीन दिवस उरले होते.