आजीचा पडदा

आजीच्या डोळ्याचा पडदा खराब झाला आहे, असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा मला आठवला तो गॅदरिंगच्या नाटकाचा पडदा! विज्ञानाशी माझे वैर दहावीपासूनचे. पण घरातच असे काही घडले की कलाशाखेचा विद्यार्थीही ग्रंथालयात परक्या कपाटापाशी जाऊन उभा राहतो.

तिथे कळले की, हा पडदा नुसते चित्र झेलत नाही. त्यावर दहा कोटींहून अधिक प्रकाशग्राही पेशी. मेंदूकडे जाणारे तंतू मात्र सुमारे दहा लाखच. म्हणजे काय कळवायचे अन् काय गाळायचे, याची निवड डोळ्यातच सुरू होते. कॅमेरा बिचारा हमाल, सगळेच उचलून नेतो.

अमेरिकेत कॅलटेकमध्ये मिशा माहोवाल्ड या मूळच्या जीवशास्त्राच्या विद्यार्थिनीने आपले गुरू कार्व्हर मीड यांच्यासह सिलिकॉनचा पडदा घडवला. १९९१ साली त्यावर दोघांनी लेख लिहिला. प्रकाश टिपणे आणि हिशेब करणे एकाच जागी! २००८ साली झुरिचच्या संशोधकांनी १२८ गुणिले १२८ ठिपक्यांच्या संवेदकाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचा ठिपका उजेड बदलला तरच बोलतो. स्थिर वस्तूबद्दल चकार शब्द नाही.

हे आजीला सांगितले. ती म्हणाली, “मग माझं तरी काय वेगळं? समोरचा तांब्या दिसत नाही, पण कडेनं मांजर गेली की कळतं.” थोड्या वेळाने म्हणाली, “तो पडदा मला बसवतील का रे?”

तो यंत्रांसाठी आहे, हे सांगायला जीभ रेटेना. मी तांब्या उचलला आणि तिच्या उजव्या बाजूला हळूच हलवला. तिने हात पुढे केला.