साळिंदर आणि श्येन

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथाचा परिसर ज्योतिर्लिंगामुळे सर्वपरिचित आहे. याच परिसरातील शिरड शहापूर हे गाव दिगंबर जैन समाजाला भगवान मल्लिनाथांचे अतिशय क्षेत्र म्हणून वंदनीय आहे. येथील मूर्ती पूर्वी नांदेडजवळील अर्धापूर येथे होती, असे परंपरा सांगते.

जिनमूर्तींची ध्यानमुद्रा बहुधा सारखीच असते. तीर्थंकर ओळखावयाचे ते आसनावरील लांछनावरून. मल्लिनाथांचे लांछन कलश. पण दर्शनानंतर मुले चोवीस लांछने म्हणू लागली, की चौदाव्या अनंतनाथांपाशी अडखळण्याचा संभव असतो. दिगंबर परंपरेत त्यांचे लांछन साही, म्हणजेच साळिंदर. श्वेतांबर परंपरेत श्येन, म्हणजे ससाण्यासारखा शिकारी पक्षी. सून दुसऱ्या आम्नायातून आलेली असेल, तर एकाच घरात दोन उत्तरे ऐकू येतात आणि खरे कोणाचे, हा प्रश्न उभा राहतो.

दोन्ही जीव एकमेकांहून किती भिन्न! साळिंदर बिळात राहणारे, रात्री बाहेर पडून कंदमुळे, साली व फळे खाणारे. ते काटे बाणासारखे फेकते, हा समज चुकीचा आहे. संकट आले की ते काटे उभारून पाठमोरे सरकते. सैल काटे शत्रूच्या अंगात रुततात. श्येन आकाशातला. त्याच्याच कुळातील बहिरी ससाणा सूर मारताना ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेग गाठतो. एकाचे बळ बचावात, दुसऱ्याचे झेपेत.

तरीही दोघांनाही तीर्थंकरांच्या चरणांपाशी स्थान मिळाले. समवसरणात जन्मजात वैरी असलेले प्राणीही वैर विसरून एकत्र बसतात, असे शास्त्र सांगते. तेथे भित्र्याला जागा आहे, तशीच शिकाऱ्यालाही.

मतभेद अनंतनाथांपुरताच नाही. ज्यांच्या दर्शनासाठी यात्रेकरू शिरडला येतात, ते मल्लिनाथ श्वेतांबर परंपरेत राजकन्या मल्ली आहेत. दोन्ही परंपरा एकोणिसावे तीर्थंकर म्हणून त्यांनाच वंदन करतात. अनेकांताचा पाठ ग्रंथातून शिकणे सोपे. घरातल्या जेवणाच्या पंगतीत तो पाळणे कठीण.

परतीच्या वाटेवर एखादे मूल पुन्हा विचारील, 'साही की श्येन?' वडीलधाऱ्यांनी दोन्ही नावे सांगावीत, कोणती कोणत्या परंपरेची तेही सांगावे, आणि मग विचारावे, 'वर बसलेले कोण?' त्याचे उत्तर दोन्ही घरांत एकच आहे.