कुलपाचे कुलगोत्र

घाटकोपरहून मुलुंडकडे जाणारा लोहमार्ग हा हिंदुस्थानातील पहिल्या प्रवासी लोहमार्गाचाच एक भाग होय. १६ एप्रिल १८५३ रोजी चौदा डब्यांची गाडी सुमारे चारशे पाहुण्यांस घेऊन बोरीबंदराहून ठाण्यास गेली, ती याच वाटेने. त्या वेळी या वाटेवर भाताची खाचरे, टेकड्या आणि पूर्वेस खाडीकाठची मिठागरे होती. आज विक्रोळी, कांजूर, भांडुप ही गावे एकमेकांत मिसळून गेली आहेत आणि खिडकीतून पाहणाऱ्यास जुने असे फारसे काही दिसत नाही. परंतु रस्त्यावर न उरलेल्या जुन्या वस्तू पुष्कळदा घरांच्या माळ्यांवर सापडतात.

मुलुंडास आमच्या परिचयाचे एक कुटुंब आहे. घरातील दोन पिढ्यांनी रेल्वेची चाकरी केली. त्यांची इमारत पाडून नवी बांधावयाची ठरली, तेव्हा माळा रिकामा करताना एक विलक्षण कुलूप हाती आले. वीतभर लांबीची बिडाची पेटी, तिच्या चार कोपऱ्यांस चार भोके, एका अंगाने बाहेर येणारी जाड लोखंडी जीभ आणि वर रंगाची पुटे चढलेली पितळी पट्टी. कडी नाही, कोयंडा नाही. घरातील वडीलधारी मंडळी त्यास ‘स्टेशनाच्या तिजोरीचे कुलूप’ म्हणत. धाकटी मंडळी ते वजनावर भंगारवाल्यास द्यावयास निघाली होती.

तिजोरीची ही परंपरा खरी असेल काय, हे कुलपासच विचारणे योग्य होते. पट्टीच्या कडेला ‘जी. आय. पी. आर.’ ही इंग्रजी अक्षरे वाचता येत होती. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जी. आय. पी. रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली; म्हणून कुलूप त्याहून जुने, हे उघड झाले. अंधेरी-बोरिवलीच्या बाजूचे असते तर त्यावर बी. बी. अँड सी. आय. ही अक्षरे असती. त्या कंपनीचे नावही त्याच दिवशी संपले. अक्षरांवरून कुलपाचा धनी आणि वय कळते. त्याचे काम मात्र कळत नाही.

काम सांगितले ते दोन गोष्टींनी. पहिली गोष्ट त्या चार भोकांची. पेटी बाहेरून मळसूत्रांनी बसवावयाची होती. म्हणजे ज्याच्या हाती पाना असेल त्यास ती सहज काढता आली असती. चोरास अडविणारे कुलूप आपली मळसूत्रे अशी उघड्यावर ठेवीत नाही. दुसरी गोष्ट किल्लीची. जीभ आत घेतली की किल्ली कुलपात अडकून बसे, आणि कितीही ओढली तरी निघत नसे. जीभ पूर्ण बाहेर आली म्हणजेच ती सुटे. एकूण, हे कुलूप चोरासाठी नव्हते. ते अडवीत होते किल्ली बाळगणाऱ्या माणसासच.

असे कुलूप रेल्वेच्या फाटकास लागते. फाटक लावून कुलपाची जीभ त्यात शिरली म्हणजे किल्ली मोकळी होते. तीच किल्ली सिग्नलच्या तरफेच्या कुलपात घातल्यावाचून तरफ हलत नाही. तरफ ओढली की सिग्नलचा हात खाली पडतो आणि गाडीस वाट मिळते. परंतु किल्ली आता तेथे अडकलेली असते. सिग्नल पूर्ववत केल्यावाचून ती निघत नाही, आणि तिच्यावाचून फाटक उघडत नाही. किल्ली एकच असल्यामुळे फाटक उघडे आणि सिग्नलही पडलेला, असा प्रकार घडू शकत नाही. फाटकवाला दमलेला असो, घाईत असो, की पलीकडे खोळंबलेले गाडीवान त्यास शिव्या देत असोत, त्याची चूक होऊ नये ही काळजी लोखंडावर सोपविलेली असते. रुळांच्या सांध्यांसाठीही हीच युक्ती वापरतात. इंग्लंडात अॅनेट नावाच्या गृहस्थाने १८७५ मध्ये अशा किल्लीचे पेटंट घेतले, आणि तिकडे ती त्याच्याच नावाने ओळखली जाते.

पुढे रॉकेलच्या फडक्याने पट्टीवरील रंग हलकेच पुसला, तेव्हा ‘गेट’ हा शब्द आणि त्यापुढे एक क्रमांक दिसू लागला. तोच क्रमांक किल्लीवरही होता. तिजोरीचा प्रश्न तेथेच मिटला.

या मार्गावरील विक्रोळीचे नाव कुलपांशी निराळ्या रीतीने जोडलेले आहे. अर्देशर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागेस कुलपे करण्यास आरंभ केला, आणि पुढे त्या उद्योगाची मोठी वसाहत विक्रोळीस वसली. त्या कुलपांनी घरोघरचे दागिने राखले. फाटकाच्या कुलपाने राखले ते बैलगाडीत बसलेल्या, नावगाव ठाऊक नसलेल्या माणसांचे प्राण. विक्रोळीचे फाटकही आता राहिले नाही. जून २०२५ मध्ये तेथील उड्डाणपूल खुला झाला. फाटकापाशी उभे राहून सिग्नलचा हात कधी पडतो हे पाहण्याची सवय या उपनगरांतील मुलांस आता असणार नाही.

मुंबईच्या उपनगरांत जुनी घरे आज झपाट्याने पाडली जात आहेत, आणि वाचकांपैकी अनेकांच्या घरी असाच माळा रिकामा होत असेल. त्यांस एवढेच सुचवावेसे वाटते की, अनोळखी कुलूप हाती आल्यास ते घासूनपुसून लखलखीत करू नये व जबरीने उघडू नये. आधी अक्षरे पाहावी, मळसूत्रे कोठे आहेत ते पाहावे, आणि किल्ली कोणत्या स्थितीत सुटते ते पाहावे. घरात ज्याने ते वापरले असेल असे कोणी वृद्ध असतील, तर त्यांस आजच विचारावे. मिळालेली माहिती कागदावर लिहून तो कागद कुलपास बांधून ठेवावा. मुलुंडच्या त्या कुटुंबाने तसे केले आहे. भंगारवाल्यास त्यांनी माळ्यावरील इतर लोखंड दिले. कुलूप किल्लीसह नव्या घरी जावयाचे आहे.