बोटीतले मधले दार



आम्ही हिंगोलीचे. समुद्राशी आमचा संबंध आला तो ६ डिसेंबरपुरताच. चैत्यभूमीच्या रांगेत उभे राहायचे, अभिवादन करायचे, दादरच्या चौपाटीवरून घटकाभर समुद्र पाहायचा आणि परतीच्या गाडीला लागायचे. बोटीत बसणारी माणसे वेगळी असतात, असाच आम्हा उभयतांचा समज होता. तरीही नोव्हेंबर २०२४ मध्ये आमच्या घरची सात माणसे मुंबईहून गोव्याला बोटीने जाऊन आली. त्या सहलीचे वर्णन करण्यासाठी हा लेख नाही. सातही जणांना एकत्र राहता येईल अशा खोल्या आम्ही कशा मिळविल्या, आधी कुठे चुकलो, एवढेच सांगायचे आहे. आपल्या समाजातही आता म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन दूरच्या प्रवासाला निघणारी कुटुंबे दिसू लागली आहेत. त्यांना त्याचा उपयोग व्हावा.

सुरुवात झाली ती आमच्या मायपासून. मायचे वय ७९. दोन वर्षांपूर्वी तिला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. डावा हात अजून नीट उचलत नाही, काठी घेऊन चालते. वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन असते, त्याला मात्र ती एक दिवस चुकत नाही. एके संध्याकाळी वाचनानंतर एका उपासकांनी परमपूज्य बाबासाहेबांच्या परदेशगमनाची माहिती दिली. घरी येताना मायने विचारले, "बाबासाहेब ज्या बोटीनं गेले, ती केवढी असंल रे?"

आम्ही तिला जमेल तसे सांगितले. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब बोटीने अमेरिकेला गेले. ४ ऑक्टोबर १९३० रोजी 'व्हॉइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने मुंबईहून गोलमेज परिषदेला निघाले. माय ऐकत होती. मग म्हणाली, "आन् रमाई?"

"रमाई घरीच राहिल्या."

"मंग माघारी राहायचंच आलं तिच्या वाट्याला," एवढेच ती म्हणाली आणि काठी टेकत चालू लागली.

पुण्याला नोकरीस असलेल्या आमच्या चिरंजीवाला हे फोनवर सांगितले. तो म्हणाला, "आजीला बोट दाखवू. मला रजा नाही, पण पैसे मी भरतो. एकच अट आहे. काकांच्या घरच्यांसह सगळ्यांनी जायचे."

त्या 'सगळ्यांनी' शब्दापाशी आम्ही थबकलो. त्याचे कारण सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. २०१९ मध्ये आम्ही आणि धाकटे बंधू यांनी वडिलांच्या घराची वाटणी केली. कोर्टकचेरी झाली नाही, भांडणही झाले नाही. फक्त मधल्या खोलीतून मागच्या अंगणापर्यंत नऊ इंची विटांची भिंत उभी राहिली. माय दोन महिने इकडे, दोन महिने तिकडे. या घरातून त्या घरात जायचे तर तिला रस्त्यावर उतरून, कोपऱ्याला वळसा घालून जावे लागे. झटका आल्यापासून तो वळसा तिला झेपेना. हे दोन्ही घरांना दिसत होते, पण बोलायला कोणी तयार नव्हते.

आता बुकिंगची हकिकत. एका एजंटाला आम्ही फोनवर सांगितले, "दोन खोल्या शेजारी-शेजारी पाहिजेत." तो म्हणाला, "देतो." भाडेही कमी होते, आम्ही खूश झालो. तिकीट हाती आले तेव्हा त्यावर खोलीचा नंबरच नव्हता. नंबर मागाहून आले. एक खोली चौथ्या मजल्यावर बोटीच्या तोंडाकडे, दुसरी सातव्या मजल्यावर मागच्या टोकाला. आम्ही घेतले होते ते स्वस्तातले तिकीट. त्यात कंपनी फक्त खोलीचा प्रकार कबूल करते, जागा कबूल करीत नाही. उरेल ती खोली मिळते. हे तिकिटाच्या कागदावर लिहिलेले होते, आम्ही ते वाचले नव्हते.

भावजयीला कळविले. ती म्हणाली, "चालतंय की ताई. घरी तरी आपण कुठं एका छपराखाली आहोत?" ती रागाने बोलली नाही. खोटेही बोलली नाही. पण त्या रात्री आम्हा दोघांना झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दहावीत शिकणारी पुतणी रस्त्याने वळसा घालून आमच्याकडे आली. तिने मोबाईलवर बोटीचा मजलावार नकाशा काढला होता. "मोठे बाबा, शेजारची खोली वेगळी आणि जोडखोली वेगळी," ती म्हणाली. मग तिने आम्हाला समजावून दिले. शेजारच्या खोल्यांमध्ये नुसती भिंत असते. एकीतून दुसरीत जायचे तर बाहेरच्या लांब बोळात यावे लागते. जोडखोल्यांच्या मधल्या भिंतीत दार असते. नकाशावर दोन नंबरांच्या मध्ये लहानशी खूण असते, तिच्यावरून ती जोडी ओळखायची. अशा जोड्या बोटीवर थोड्याच असतात आणि त्या लवकर जातात. म्हणून नुसते 'जवळजवळ द्या' म्हणून भागत नाही. नंबर सांगूनच त्या मागाव्या लागतात, आणि दोन्ही बुकिंग एकमेकांशी जोडलेली आहेत हे लेखी घ्यावे लागते.

चिरंजीवाने पहिले बुकिंग बदलून मागितले. खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यभागी एक जोडी मिळत होती. तीच बरी, कारण बोट हेलकावते ती टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त. मध्यभागी, खालच्या अंगाला पोटात कमी ढवळते. पण तिथेही अडचण निघाली. एका खोलीत आम्ही दोघे आणि माय, दुसरीत बंधू, भावजय आणि त्यांची दोन मुले, असा आमचा हिशेब होता. दुसऱ्या खोलीत चौथ्या माणसाला नकार आला. वरची बर्थ रिकामी होती, तरीही नकार!

चौकशी केल्यावर कारण समजले, आणि ते पटले. बोटीवर माणसे मोजतात ती नुसत्या बिछान्यांवरून नाही, जीवनौकांवरूनही. संकटकाळी कोणत्या खोलीतल्या माणसांनी कोठे जमायचे हे आधीच ठरलेले असते आणि त्या त्या ठिकाणची संख्या बांधलेली असते. ती भरली की खाट रिकामी असूनही जास्तीचे माणूस घेत नाहीत. १९१२ साली टायटॅनिक बुडाली तेव्हा तिच्यावर सुमारे २,२०० माणसे होती आणि जीवनौकांत जागा होती १,१७८ जणांची. त्यानंतर १९१४ साली समुद्रावरील जीवितरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. आजचे नियम त्याच वाटेने आलेले आहेत. हे कळल्यावर पहिल्या बुकिंगचा धोकाही ध्यानात आला. खोल्या दोन टोकांना असल्या की जमण्याची जागाही वेगवेगळी पडू शकते. नेमक्या संकटाच्या वेळी माय आमच्याबरोबर आणि नातवंडे भलतीकडे, असे झाले असते.

तोड पुतणीनेच काढली. "माझं नाव तुमच्या खोलीत लिहा," ती म्हणाली. दुसऱ्या चौकशीत कळले की आमच्या खोलीत चौथी जागा शिल्लक होती. अशा रीतीने आमच्याकडे चार आणि बंधूंकडे तीन झाले. भाड्यात साडेचार हजारांचा फरक पडला. तो चिरंजीवाने भरण्याआधीच धाकट्या बंधूंनी भरून टाकला. आम्हाला ते मागाहून समजले. त्यांनी त्याचा उच्चारही केला नाही.

आणखी एक घोळ झाला, तो कागदपत्रांचा. मायचे नाव आधार कार्डावर एक आणि निवडणूक ओळखपत्रावर दुसऱ्याच स्पेलिंगने होते. तिकिटावर तिसरेच पडले होते. देशातल्या देशात जायचे असल्याने पासपोर्टची गरज नव्हती, पण तिकीट आणि ओळखपत्र जुळलेच पाहिजे. ते दुरुस्त करण्यात आठवडा गेला. आपल्यातल्या जुन्या माणसांची नावे शाळेच्या दाखल्यावर आलेलीच नाहीत. ती ज्याने जशी ऐकली तशी लिहिली. बुकिंगच्या आधीच एक कागद ठरवावा आणि सगळीकडे त्याच्याप्रमाणेच नाव द्यावे.

मार्च २०२४ पासून मुंबईची जनशताब्दी हिंगोलीहून सुटू लागली, तिने आम्ही पहाटे निघालो. गाडीत मायला जुने दिवस आठवले. छोट्या रेल्वेने हिंगोलीहून पूर्णा, तिथून मनमाड आणि पुढे मुंबई असा ६ डिसेंबरचा प्रवास असे. आरक्षण कोणाचेच नसायचे. माय आपल्या पदराचे टोक धाकट्याच्या मनगटाला बांधायची आणि थोरल्याला त्याचा हात धरायला लावायची. "एवढ्या गर्दीत माझं एक लेकरू कधी हरवलं नाही," ती सांगू लागली. समोरच्या सीटवर बंधू खिडकीबाहेर पाहत होते. त्यांनी डोळे पुसलेले आम्ही पाहिले.

रात्री मुंबईत नातेवाइकांकडे उतरलो, चैत्यभूमीवर जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी बंदर गाठले. सामानाला खोलीच्या नंबराची चिठ्ठी लावून ते आधीच घेतात आणि काही तासांनी खोलीवर पोचवतात. खोली बदलली असेल तर चिठ्ठीही नवी लावावी, आणि औषधे हातातल्या पिशवीतच ठेवावीत. १९१७ साली बाबासाहेब परत येत असताना त्यांनी वेगळ्या बोटीने पाठविलेली पुस्तके पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली, ही गोष्ट पुतणीने तिथे रांगेत उभी राहून आजीला सांगितली. मायने लगेच औषधांची पिशवी छातीशी धरली.

खोलीत गेलो तर मधले दार कुलूपबंद! आमचे धाबे दणाणले. पण ते तसेच असते. त्या दोन खोल्यांत परकी माणसेही राहू शकतात, म्हणून ते बंद ठेवतात आणि सांगितल्यावर खोलीची व्यवस्था पाहणारा कर्मचारी उघडून देतो. त्याला सांगितले, त्याने दार उघडून मागे अडकवून ठेवले. पलीकडे भावजय पिशव्या लावीत उभी होती. ती आमच्याकडे पाहून हसली.

बोट निघण्यापूर्वी सर्वांना जमण्याची जागा दाखवून सुरक्षेची माहिती दिली. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया ही बोट खडकावर आपटून ३२ माणसे दगावली. त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर हा नियम कडक झाला. आमची सातही माणसे एकाच ठिकाणी उभी होती. हे पाहून जिवाला बरे वाटले.

बोटीवर आगीच्या भीतीने मेणबत्ती, अगरबत्ती पेटवू देत नाहीत. मायने पिशवीतून तथागत बुद्ध आणि बाबासाहेब यांची लहान तसबीर काढून टेबलावर ठेवली. आम्ही तीन माणसे पलीकडे, चार अलीकडे आणि मध्ये उघडे दार, अशी सर्वांनी त्रिशरण-पंचशील म्हटले. गेल्या पाच वर्षांत आम्ही सगळ्यांनी मिळून घरात वंदना घेतलेली नव्हती.

न्हाणीच्या दाराला उंच उंबरा होता. माय तिथे अडखळेल म्हणून रात्री कोणीतरी जागे राहणे भाग होते. दोनच्या सुमारास ती उठली. आम्ही उठेपर्यंत भावजय पलीकडून येऊन तिचा हात धरून उभी होती. तिने आम्हाला खुणेने सांगितले, "झोपा तुम्ही."

सकाळी वर नेऊन मायला समुद्र दाखविला. चोहीकडे पाणीच पाणी. बराच वेळ पाहून ती म्हणाली, "लई मोठं हाय गं. मोकळ्या हातानं आले असते तर भ्याले असते." पुतणीने आणि भावजयीने तिचे दोन्ही हात धरले होते.

परत आल्यावर आठवडाभर कोणी काही बोलले नाही. मग एका रविवारी धाकटे बंधू मिस्त्रीला घेऊन आले. भिंतीत दार पाडायचे तर वर आधी लिंटेल बसवावी लागेल, कामाला चार दिवस लागतील, असे मिस्त्री म्हणाला. वडिलांच्या जुन्या घराची सागवानी चौकट बंधूंनी माळ्यावर जपून ठेवली होती. ती उतरविली, पुसली आणि भिंतीला लावून पाहिली. वाटणी आहे तशीच आहे. वीजबिल दोन आणि चुलीही दोन. पण मायला आता रस्त्यावर उतरावे लागत नाही.

दार बसले त्या दिवशी मायने विचारले, "कडी कोणाच्या अंगाला लावता?"

बंधूंनी आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "दादा, कडी आणलीच नाही."

वाचकहो, बोटीची सहल प्रत्येकाला परवडेलच असे नाही, आणि परवडावी असा आग्रहही नाही. पण रेल्वेचे आरक्षण असो, लॉजची खोली असो की बोटीची केबिन, घरचे म्हातारे माणूस रात्री हाक मारील तेव्हा ती किती दारांपलीकडे ऐकू जाईल, हे आधी पाहावे आणि मगच पैसे भरावेत.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.