आधारवरचे वय

गढ्यातील आमच्या गल्लीत सत्तरी ओलांडलेली मंडळी पुष्कळ. नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय तसे जवळच, तरीही इस्पितळाच्या खर्चाची धास्ती घरोघरी आहे. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी आयुष्मान योजना सत्तर व त्यावरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, खुली झाली. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार. मात्र वय धरले जाते ते आधारवरचे.

शेजारच्या वहिनी ७३ वर्षांच्या, आधारवर ६७. नोंदणीच्या वेळी कुणीतरी अंदाजाने साल घातले आणि घरात कुणाच्या ते लक्षातही आले नाही.

"भाऊजी, म्हातारपणाचाही दाखला लागतो का हो?" त्यांनी विचारले. मी गप्प राहिलो. "पुरावा जोडावा" हा शेरा नोकरीत मीच कितीदा मारला असेन! (शेरा मारणे सोपे; पुरावा शोधायला लोक कुठे जातात, हे टेबलामागून दिसत नाही.)

आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचे आधार एकदा उघडून पाहावे. आजारपण आल्यावर दुरुस्तीला सवड नसते. वहिनींच्या माहेरच्या शाळेला, विदर्भात, दाखल्यासाठी पत्र धाडले आहे. दीड महिना झाला. टपालवाला दिसला की त्या फाटकापाशी येतात.